कालप्रवासाच्या कथेतला जॉर्ज स्टीफन्सन आणि खरं किलिंगवर्थ

घाटमाथा

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत १९८५ साली 'द मार्क ऑफ द रानी' हे दोन भागांचं कथानक आलं. मालिकेचा कालप्रवासी नायक 'डॉक्टर' ईशान्य इंग्लंडमधल्या किलिंगवर्थच्या कोळसाखाणीवर पोचतो आणि त्याला सुरुवातीची रेल्वेइंजिनं बांधणारा जॉर्ज स्टीफन्सन भेटतो. रानी नावाची परग्रहावरची शास्त्रज्ञ खाणकामगारांच्या मेंदूतलं झोपेचं रसायन काढून घेत असते, त्यामुळे ते लोक बेफाम होऊन यंत्रं फोडत सुटतात आणि आजूबाजूचे त्यांना लडाइट, म्हणजे यंत्रं फोडणारे बंडखोर, समजतात.

मला यातली निवड फार आवडते. बहुतेक जण स्टीफन्सन म्हटलं की १८२९ च्या 'रॉकेट' या इंजिनापासून सुरुवात करतात. इथे तो खाणीवरचा यंत्रमिस्त्री आहे आणि त्याच्या आयुष्यातला खरा कस लागला तो याच काळात. पण तपशिलात तीन गोष्टी खटकतात.

एक, लडाइट. ही चळवळ १८११ मध्ये नॉटिंगहॅमशरात विणकामाच्या यंत्रांवरून पेटली आणि मग यॉर्कशर-लँकाशरच्या कापड व्यवसायात पसरली. ईशान्येकडच्या खाणकामगारांचं भांडण वेगळंच होतं. त्यांना वर्षभरासाठी खाणमालकाशी बांधून घेणारा करार असे, त्याला 'बाँड' म्हणत. १८१० चा मोठा संप या करारावरूनच झाला. बंडाळी दाखवायचीच असेल तर हे कारण हाताशी होतं, आणि ते जास्त खरं होतं.

दोन, लॉर्ड रेव्हन्सवर्थ. कथेत दिसणारे हे खाणीच्या मालकांपैकी एक. पण स्टीफन्सनचं पहिलं इंजिन चाललं त्या १८१४ साली ते सर थॉमस लिडेल होते. बॅरन रेव्हन्सवर्थ ही पदवी त्यांना १८२१ मध्ये मिळाली. आधीची त्याच नावाची पदवी १७८४ मध्येच संपली होती, म्हणजे मधल्या काळात या नावाचा लॉर्डच अस्तित्वात नव्हता. जुन्या चरित्रांनी नंतरचं नाव मागे नेऊन लावलं आणि तीच चूक पुढे चालत आली.

तीन, चित्रीकरण श्रॉपशरमधल्या ब्लिस्ट्स हिलच्या खुल्या संग्रहालयात झालं. विटांच्या भट्ट्या, लोखंडाचा कारखाना, सगळं बघायला देखणं आहे, पण ते टाइन नदीकाठचं कोळशाचं मुलूख नाही.

कोणाला मराठीत अशी कथा लिहायची झाली तर कोणतं साल धरावं आणि कोणत्या गोष्टी नीट माहीत असाव्यात, यावर जाणकारांनी लिहावं.

खटका

साल १८१४ च धरा. स्टीफन्सनचं पहिलं इंजिन 'ब्ल्यूखर' २५ जुलै १८१४ रोजी चाललं. मागे आठ भरलेल्या वाघिणी, ३० टन भार, दर ४५० फुटांना १ फूट चढ, आणि वेग ताशी ४ मैलांच्या आसपास. म्हणजे माणूस शेजारून सहज चालू शकतो. कालप्रवासी या इंजिनाच्या मागे धापा टाकत धावताना दाखवला तर चित्र तिथेच फसलं.

इंजिनाची अंगकाठी अशी. बॉयलर घडीव लोखंडाचा, ८ फूट लांब, ३४ इंच व्यासाचा. त्याच्या पोटातून २० इंच रुंदीचं एकच धूरनळं. वरून उभे बसवलेले दोन सिलिंडर, अर्धे बॉयलरमध्ये बुडालेले, व्यास ८ इंच आणि दट्ट्याची धाव २ फूट. दोन्ही आसांच्या मध्ये दातेरी चाकं, दोन सिलिंडरांची लय जुळलेली राहावी म्हणून. गोम या दातेरी चाकांत होती. दात झिजले की फट वाढते, आणि दट्ट्या दिशा बदलताना दर वेळी ती फट धाडकन भरून निघते. म्हणून इंजिन हिसके देत, खडखडत चाले. १८१५ च्या पेटंटात त्याने दट्ट्याचा जोर दांड्यांनी थेट चाकाला दिला आणि दोन्ही आस साखळीने जोडले. हिसके गेले, पण साखळी ताणली जाऊन सैल पडते, म्हणजे तिच्यामागे लागायला माणूस हवाच.

हे सगळं करायचं कारणही कथेत यायला हवं. नेपोलियनशी झालेल्या लांबलचक युद्धामुळे घोडे व त्यांचा चारा महागला होता. मालकांनी पैसे घातले ते कोळसा नदीपर्यंत स्वस्तात पोचावा म्हणून.

एक सुधारणाही करून ठेवतो, कारण ती नेहमी राहते. वाफेचं इंजिन रुळावर पहिल्यांदा चालवलं ते रिचर्ड ट्रेव्हिथिकने, २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समधल्या पेनिडॅरन इथे. १० टन लोखंड आणि ७० माणसं, ९ मैलांहून थोडं जास्त अंतर. १८१२ मध्ये लीड्सजवळ मरे आणि ब्लेंकिन्सॉप यांची दातेरी रुळावरची इंजिनं रोजच्या कामाला लागली होती. आणि स्टीफन्सनच्या जन्मगावी, वायलमला, हेडलीची इंजिनं होती. कालप्रवासी येऊन 'तुम्हीच रेल्वेइंजिनाचे जनक' म्हणाला तर स्टीफन्सनच्या ओळखीच्या निम्म्या मिस्त्र्यांनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं असतं.

सदाफुली

मस्त धागा. एक शंका आहे. समजा कालप्रवासी १८१४ मध्ये 'रॉकेट'च्या बॉयलरचा आराखडा घेऊन गेला. पंधरा वर्षं वाचतील का?

खटका

@सदाफुली, माझ्या मते वाचणार नाहीत. या प्रश्नातच सगळी कथा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आराखड्यात काय आहे ते बघू. बॉयलर वाफ किती करतो हे आगीची धग किती पत्र्यातून पाण्यात उतरते यावर ठरतं. 'ब्ल्यूखर'चं एक धूरनळं, २० इंच रुंद आणि ८ फूट लांब. परीघ गुणिले लांबी केली की जेमतेम ४२ चौरस फूट येतात. 'रॉकेट'मध्ये तांब्याच्या २५ नळ्या, प्रत्येकी ३ इंच व्यास आणि ६ फूट लांब. तोच गुणाकार करा, जवळजवळ ११८ चौरस फूट. शिवाय भट्टीचे स्वतःचे २० चौरस फूट. बॉयलर आखूड असूनही धग उतरायला तिपटीहून जास्त जागा. (ही कल्पना लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनीचा खजिनदार हेन्री बूथ याने सुचवली. कथेत त्याला वगळू नका.)

आता अडचणी. नळी जिथे बॉयलरच्या तोंडाच्या पत्र्यात शिरते तो सांधा गळतो. तांबं तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आक्रसतं, आणि असे ५० सांधे आहेत. १८२९ मध्ये न्यूकासलच्या कारखान्यात जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन याने आधी नळ्यांच्या टोकांना पितळी आटे लावून त्या पत्र्यात पिळून बसवल्या. पाणी भरून दाब दिला तर प्रत्येक सांध्यातून चिळकांड्या उडाल्या. मग पद्धत बदलली. पत्र्यात स्वच्छ, नेमकी भोकं पाडायची, नळी घट्ट ठोकून बसवायची आणि मग सांधा पक्का करायचा. ते जमल्यावर दाबाने बॉयलरचं सपाट तोंड फुगायला लागलं, तेव्हा आतून ताण घ्यायला लोखंडी सळया घातल्या. चाचणी ७० पौंड प्रति चौरस इंचाला, वापर ५० ला.

हे रॉबर्टला शक्य झालं कारण तोवर १८२३ पासून चाललेला इंजिनांचा कारखाना हाताशी होता. १८१४ मध्ये किलिंगवर्थला होता जॉन थर्लवॉल नावाचा खाणीचा लोहार, त्याचा भाता आणि हातोडे. वरवंट्याएवढा सांधा तो लीलया जोडेल. एकसारखी पन्नास भोकं मात्र तो कशाने पाडणार? त्यासाठी लागणारी हत्यारंच आधी घडवावी लागली असती.

आणि बॉयलर जमलाच तर पुढचा घात रुळाचा. तेव्हाचे रूळ बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आखूड तुकड्यांत. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. चाक मधोमध आलं की रुळाचा तळ ताणला जातो आणि तिथून तडा जातो. पेनिडॅरनचं इंजिनही रूळ मोडत होतं म्हणूनच थांबलं. यावर उतारा आला १८२० मध्ये, बेडलिंग्टनच्या बर्किन्शॉने लाटून केलेला १५ फुटी घडीव लोखंडाचा रूळ.

स्टीफन्सन माणूस म्हणून दाखवायचा असेल तर हा प्रसंग घ्या. १८१६ मध्ये विल्यम लॉशबरोबर त्याचं स्वतःचं बिडाच्या रुळांचं पेटंट होतं. स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेमार्गासाठी स्वतःचे रूळ सुचवले असते तर पैसे त्यालाच मिळाले असते. त्याने बर्किन्शॉचे सुचवले. लॉशशी मैत्री तुटली ती कायमची. ज्याने तुटलेले रूळ रोज उचलले त्यालाच हा निर्णय घेता येतो. कालप्रवाशाने असल्या माणसाला आराखडा देऊ नये, तुटलेल्या रुळाचा तुकडा हातात घेऊन त्याच्या शेजारी बसावं.

लोहमार्गी

खटका यांच्याशी पूर्ण सहमत. दृश्य लिहिताना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी माझ्याकडून.

इंजिन उभं असताना बॉयलरमध्ये पाणी घालता येत नाही. पाण्याचा पंप इंजिनाच्याच हालचालीवर चालतो. चाकं थांबली की पंप थांबला. उभ्या इंजिनात पाणी भरणारं इंजेक्टर १८५८ मध्ये आलं. त्यामुळे दरोडेखोरांनी मार्ग अडवला, इंजिन तासभर उभं आहे आणि भट्टी मात्र पेटलेली आहे, ही खरोखर जिवावरची परिस्थिती आहे. पाणी धूरनळ्याच्या खाली गेलं की पत्रा तापून लाल होतो, मऊ पडतो आणि दाबाखाली फाटतो. उपाय दोनच, आग ओढून काढा किंवा वाफ सोडून द्या.

पाणी किती आहे हे कळायला दोन तोट्या असत, एक वर, एक खाली. वरची उघडली की वाफ यायला हवी, खालची उघडली की पाणी. खालच्या तोटीतूनही वाफ आली तर पळा. दाब दाखवणारा गोल काट्याचा मापक तेव्हा नव्हता, बूर्दोंचा मापक १८४९ चा. दाब ठरे तो सुरक्षा झडपेच्या दांड्यावरच्या वजनाने. आणि झडपेवर जास्तीचं वजन टांगणारा उतावळा चालक ही त्या काळची खरी डोकेदुखी होती. खलनायक हवाच असेल तर त्याला अनोळखी यंत्र कशाला, एक वजन पुरतं.

शिट्टी नको. वाफेची शिट्टी इंजिनावर आली १८३० च्या दशकात. चालकाला छप्पर नको. आणि काड्यापेटी तर नकोच! घासून पेटणारी काडी जॉन वॉकरने विकायला काढली एप्रिल १८२७ मध्ये, तीही स्टॉक्टनमध्येच. १८२५ मध्ये स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्गाचं 'लोकोमोशन' हे इंजिन रुळावर ठेवलं तेव्हा विस्तव नव्हता, म्हणून एका मजुराने पाइप पेटवायचं भिंग काढून उन्हाने दोराच्या पिंजणाला आग लावली, असं सांगतात. दोनच वर्षांनी त्याच मार्गावरच्या स्टॉक्टनमध्ये काड्या मिळायला लागल्या.

चित्रकारांसाठी एक सूचना. संग्रहालयातलं 'रॉकेट' बघून १८२९ चं 'रॉकेट' काढू नका. ज्या इंजिनांच्या स्पर्धेसाठी ते बांधलं, त्या स्पर्धेच्या वेळी सिलिंडर तिरके, ३८ अंशांच्या कोनात होते. त्यामुळे वेगात इंजिन डुलत असे, म्हणून नंतर ते जवळपास आडवे केले, पुढे धुराचा कोठाही जोडला. आज दिसतं ते हे बदललेलं रूप.

निळी शाई

इंजिनाच्या नादात खाणीतला दिवा राहून जातोय. कालप्रवासाच्या कथेला मला तर १८१४ पेक्षा २१ ऑक्टोबर १८१५ ही तारीख जास्त मोलाची वाटते.

खाणीत फटीतून ज्वालाग्राही वायू फुसफुसत बाहेर येई. उघड्या मेणबत्तीने स्फोट होत. मे १८१२ मध्ये शेजारच्या फेलिंग खाणीत ९२ जण गेले, त्यात लहान मुलं होती. स्टीफन्सनचा तर्क असा, की दिव्याला हवा बारीक नळ्यांतून दिली तर ज्वाळेला उलट बाहेर पडता येणार नाही. त्या दिवशी वायू येत होता ती जागा फळ्या मारून बंदिस्त केली, वायू साठू दिला. जॉन मूडी नावाचा जाणता कामगार आधी आत जाऊन आला आणि म्हणाला, इथे मेणबत्ती नेली तर स्फोट ठरलेला. मग स्टीफन्सन पेटता दिवा घेऊन एकटा पुढे गेला. मूडी आणि तरुण निकोलस वुड मागे थांबले. ज्योत आधी मोठी झाली, मग फडफडली आणि विझली. स्फोट झाला नाही.

रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने सुरक्षित दिव्यावरचं आपलं काम रॉयल सोसायटीपुढे मांडलं ते ९ नोव्हेंबरला. दोघांनी स्वतंत्रपणे शोध लावला, पण डेव्हीला ते कधी पटलं नाही. खाणमालकांनी डेव्हीला २००० पौंड दिले आणि स्टीफन्सनला १०० गिनी. न्यूकासलकरांना हे झोंबलं आणि त्यांनी १००० पौंड गोळा करून दिले. १८३३ मध्ये संसदेच्या समितीने दोघांनाही श्रेय दिलं. कथेत डेव्ही आणि स्टीफन्सन एका खोलीत आणलेत तर १८१५ च्या आधी की नंतर, हे पक्कं ठरवा. नंतर असेल तर हस्तांदोलन दाखवू नका.

सदाफुली

दिव्याचा प्रसंग वाचून थरारले. आता पुढचा प्रश्न, त्याच्या तोंडी मराठी कोणती घालायची? त्याची बोली लंडनच्या लोकांना कळत नसे म्हणतात. वऱ्हाडी किंवा मालवणी चालेल का?

निळी शाई

मला नाही चालणार. वऱ्हाडी बोलायला लागला की वाचकाच्या डोळ्यापुढे अकोला-अमरावती उभी राहते, टाइनकाठ पुसला जातो. शिवाय बोली म्हणजे अडाणीपणा असा अर्थ निघतो, तो तर दोन्ही बाजूंवर अन्याय. साधी, तुटक, कारखान्यातल्या शब्दांनी भरलेली मराठी द्या आणि बोलीचा परिणाम समोरच्याच्या वागण्यातून दाखवा.

त्यासाठी १८२५ ची संसदीय समिती बघा. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या विधेयकावर त्याची उलटतपासणी झाली. वकील अॅल्डरसनने त्याला जमिनीच्या उंचसखलपणाच्या आकड्यांवर धरलं. मोजणी सहायकांनी केली होती आणि ती चुकली होती. स्टीफन्सनला उत्तर देता येईना. विधेयक पडलं, पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या मोजणीवर मंजूर झालं. चरित्रात सांगतात ते असं, की रुळावर गाय आली तर मोठी अडचण होईल ना, यावर तो म्हणाला, 'होय, गायीची.' हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच बैठकीत तो आपल्या चुकीच्या आकड्यांपुढे गप्प बसला, ते कोणी दाखवत नाही. अठराव्या वर्षापर्यंत ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, रात्रीच्या शाळेला आठवड्याचे तीन पेन्स भरून जो शिकला, त्याला आकड्यांवरून सर्वांदेखत पाडलं गेलं. ते दृश्य लिहा.

लोहमार्गी

वर्षांच्या गोंधळाबद्दल एक सावधगिरी. २७ सप्टेंबर १८२५, स्टॉक्टन-डार्लिंग्टनचं उद्घाटन. या दृश्यात वडिलांशेजारी रॉबर्टला उभं करण्याचा मोह होतो. तो तिथे नव्हता. जून १८२४ मध्ये तो कोलंबियाच्या खाणींवर गेला आणि नोव्हेंबर १८२७ मध्ये परतला. परतताना कार्ताहेना बंदरात त्याला एक कफल्लक इंग्रज भेटला, तो रिचर्ड ट्रेव्हिथिक. रॉबर्टने त्याला घरी जायला ५० पौंड दिले. ही भेट खरी आहे, आणि कोणत्याही कालयंत्राशिवाय घडलेली आहे.

आपल्याकडचा धागाही रॉबर्टकडून येतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार अभियंता तो होता आणि मुंबईत मुख्य अभियंता म्हणून आलेला जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तेव्हा जॉर्ज स्टीफन्सन जाऊन पाच वर्षं होत आली होती. तेव्हा त्याला ठाण्याच्या खाडीवर आणू नका.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, मागितलं त्याहून खूप जास्त मिळालं. किलिंगवर्थमधल्या जॉर्जच्या घराच्या दारावर सूर्यघड्याळ आहे, म्हणून त्या घराला 'डायल कॉटेज' म्हणतात. त्यावर ११ ऑगस्ट १८१६ ही तारीख रोमन अंकांत कोरलेली आहे. बापलेकांनी मिळून केलेलं, रॉबर्ट तेव्हा बारा वर्षांचा. कालप्रवासी दारात उभा राहून आपलं घड्याळ त्याच्याशी ताडून बघतो, असा प्रसंग कसा वाटतो? फरक किती दिसेल?

खटका

उत्तम प्रसंग. हिशेब असा. किलिंगवर्थ ग्रीनिचच्या पश्चिमेला साधारण दीड अंशावर, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सहा मिनिटं मागे. ११ ऑगस्टला सूर्य सरासरी घड्याळापेक्षा आणखी ५ मिनिटं मागे असतो. तेव्हा दारावरची सावली बारावर आली की ग्रीनिच वेळेचं घड्याळ १२ वाजून ११ मिनिटं दाखवेल. आजच्या इंग्लंडमधून मोबाइल घेऊन आला असेल तर उन्हाळी वेळेचा एक तास आणखी, १ वाजून ११ मिनिटं. सावली पाडणारी पट्टी भिंतीशी ३५ अंशांत हवी, कारण तिथला अक्षांश ५५. बारा वर्षांच्या पोराने हा कोन बरोबर काढला हे त्या दृश्यात बापाच्या नजरेतून यावं, त्याला स्वतःला ते गणित लहानपणी कोणी शिकवलं नव्हतं.

फक्त ऊन जपून वापरा. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे १८१६ चा उन्हाळा पश्चिम युरोपात थंड आणि पावसाळी गेला. कालप्रवाशाला सावली पडायची वाट बघत दाराशी बराच वेळ उभं राहावं लागेल.